अठ्ठावन्न मिनिटं

पाहणी अधिकाऱ्याने मोजफितीचं एक टोक नर्सबाईंच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो पलीकडच्या भिंतीकडे गेला. मधे बाळंतपणाची खाट होती. फीत तिच्यावरून ताणली गेली.

"जरा घट्ट धरा, बाई."

नर्सबाईंनी टोक सोडून दिलं. फीत सपकन गुंडाळत गेली आणि त्याच्या बोटांवर आपटली.

"निसटलं," त्या म्हणाल्या. निसटल्याचं वाईट वाटल्यासारखा त्यांचा आवाज नव्हता.

अधिकाऱ्याने बोट झटकलं. पस्तिशीचा, उभट चेहऱ्याचा माणूस होता तो. बुटांवर वाटेची धूळ होती, पण शर्टाची घडी मोडलेली नव्हती. तो रागावला नाही. त्याने फितीचं टोक दाराच्या कडीला अडकवलं, एकट्यानेच खोली मोजली आणि आकडा कागदावर लिहिला.

"कोठारासाठी रुंदी लागते," तो म्हणाला.

"कसलं कोठार?"

"औषधांचं. बाळंतपणं आता शहराच्या रुग्णालयात होतील. दवाखाना राहणार आहे, तुम्हीही राहणार आहात. फक्त ही खोली."

"फक्त ही खोली," नर्सबाई म्हणाल्या आणि स्टोव्हवर उकळणाऱ्या कात्र्या चिमट्याने उलट्यासुलट्या करू लागल्या. सव्वीस वर्षं त्या याच खोलीत कात्र्या उकळत होत्या. खिडकीचं एक तावदान गेलं होतं, तिथे त्यांनी स्वतः पत्रा ठोकला होता. खाटेच्या डोक्याकडच्या दांड्यावरचा रंग दोन जागी पार उडालेला होता. सव्वीस वर्षांतल्या सगळ्या बायांनी तिथेच घट्ट धरलं होतं.

"साहेब, तुम्हाला आई आहे का हो?"

"आहे की. आणि माझं गाव इथून फार लांब, खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे." त्याने कागद खाली ठेवला. "तिथून रुग्णालय तीन तासांवर. मी बैलगाडीत जन्मलो. म्हणून तर या कामात आलो. बाई, संबंध खंडाला एकच नियम केलाय. रुग्णालय तासाभराच्या पलीकडे असेल तर गावात बाळंतपणाची खोली द्यायची, अलीकडे असेल तर नाही. यात कुणाचा वशिला नाही की कुणाचा आरडाओरडा नाही. ही खोली बंद झाली की तिकडे कुठेतरी एक उघडेल."

"उघडा ना. जरूर उघडा, मी स्वतः येते खाट पुसायला. पण तराजूच्या दोन्ही पारड्यांत बाळंतिणीच का बसवता? एका पारड्यात तुमची कचेरी ठेवून बघा की एकदा."

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. "तुमचं गाव अठ्ठावन्न मिनिटांवर आहे."

नर्सबाईंचा चिमटा भांड्यात तसाच राहिला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बसच्या नोंदवहीने. अठ्ठावीस वर्षं, रोज जाऊन-येऊन चार फेऱ्या, आणि एकही फेरी उशिरा नाही. अशी शिस्त मी खंडात दुसरीकडे पाहिली नाही. सकाळपासून ऐकतोय, त्या ड्रायव्हरला लोक हाकसुद्धा 'अठ्ठावन्न' म्हणून मारतात. आणि मी स्वतः मोटारीने पन्नास मिनिटांत आलो. पहाटे निघालो होतो."

"पहाटे पूल खाली असतो."

"कुठला पूल?"

पुढचं न सांगता नर्सबाईंनी वाकून स्टोव्ह बंद केला. अठ्ठावन्न त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

*

साडेदहाला बस थांब्यावर लागली. शहरातून ती नऊला सुटली होती आणि वहीप्रमाणे नऊ अठ्ठावन्नलाच पोहोचली होती.

सगळी उतरेपर्यंत नर्सबाई दाराशी उभ्या राहिल्या. सर्वांत शेवटी बुवा उतरले. दर आठवड्याला प्रार्थनेच्या दालनात गाऊन-सांगून देवाच्या गोष्टी ऐकवणारे हे म्हातारे गृहस्थ दालनापेक्षा बसमध्येच जास्त रमत. तिथून श्रोत्यांना उठून जाता येत नसे.

"आज पुलावर दोन छोट्या कथा झाल्या, बाई," ते खुशीत म्हणाले. "लांबलचक मालबोटी होत्या. एकीमागे एक, एकीमागे एक. देवाला दया आली आणि तिसरी बोट लावली."

शहराच्या अलीकडे मोठा कालवा होता. संबंध खंडाचा माल त्यातून बंदराकडे जाई. बोट आली की पूल मधोमध दुभंगून वर उचलला जाई आणि बस उभी राही. कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. बोटींना वेळापत्रक होतं, पण ते बोटींनाच ठाऊक होतं. तेवढ्यात सुटल्यापासूनची अठ्ठावन्न मिनिटं भरत. मग ड्रायव्हर काचेखालची वही काढी, कानामागचं पेन घेई आणि 'पोहोचली' या रकान्यात वेळ टाकी. ते दिसलं की सगळी बस एका सुरात ओरडे, "पोहोचलो!" समोर पुलाचा रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा असे. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे हसत. इतकी वर्षं हसत होते.

"दादा, खाली उतर," नर्सबाई म्हणाल्या.

"काय गं धाकटे? चेहरा असा का केलायस? कुणाचं अडलंय का?"

"माझंच अडलंय."

त्यांनी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता चाकाला टेकला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. केस पांढरे झाले होते, टोपीखालचा पट्टा मात्र अजून काळा होता.

"मी कशासाठी लिहीत होतो ते तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"फेरी तासावर गेली तर एका ड्रायव्हरला रोज दोनदा झेपणार नाही, बस आठवड्यातून दोनच दिवस सोडू, असं म्हणाले होते कंपनीवाले. मी तेव्हा पोरगेलासा होतो. साठ लिहिलं असतं तर संशय आला असता. अठ्ठावन्न कसं, खरं वाटतं."

"इतकं खरं वाटलं की माझी खोली गेली."

"मग काय करू? आज जाऊन सांगू की अठ्ठावीस वर्षं खोटं लिहिलं? तुझी खोली राहील आणि बस जाईल. शाळेला जाणारी दहा पोरं आहेत, डोळ्यांचे पेशंट आहेत. त्यांना कोण नेईल, तू पाठुंगळी घेऊन?"

"नेईन. पण पुढच्या महिन्यात ती पोस्टात काम करणारी पोर बाळंत व्हायचीय. तिची आई कुठे मोकळी झाली होती ते आठवतं ना? तुझ्या मागच्या तिसऱ्या बाकावर. आता हिलाही तिथेच निजवू?"

 तो टोपी फिरवत राहिला.

"तू भित्रा आहेस, दादा. शिस्तीचा म्हणे! वही भरून भीती लिहिलीयस तू."

त्या आयुष्यात त्याच्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. त्याने मान वर केली नाही. "धाकटे," तो हळूच म्हणाला, "दोनला दालनात साहेबांच्या सभेला येईन. बोलेन असं नाही. येईन."

*

दालन भरलं होतं. बुवा एरवी उभे राहत त्या जागी टेबल टाकून अधिकारी बसला होता आणि बुवा पहिल्या रांगेत, जागा बळकावलेल्या माणसाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. पोस्टातली खिडकीशी होती. आठवा सरून गेलेला, म्हणून तिला दोन खुर्च्या दिल्या होत्या, एक बसायला आणि एक पाय ठेवायला. ड्रायव्हर सगळ्यांत मागे, दाराला पाठ लावून उभा होता.

अधिकारी नीट, सावकाश बोलला. एका नियमाने सगळ्यांना मोजणं हाच न्याय, हे त्याने पुन्हा सांगितलं. आपल्या गावाबद्दलही सांगितलं आणि ते ऐकून काही बाया खरोखर हळहळल्या. मग त्याने पहिला कागद वाचला. अठ्ठावन्न मिनिटं.

दालनात खसखस पिकली.

"साहेब," बुवा बसल्या जागेवरून म्हणाले, "माझी मोठी कथा सव्वा तासाची. ती या बसमध्ये घरून निघाल्यावर सुरू करतो आणि शहर यायच्या आत संपवून शांतपणे पाणी पितो. आता तुम्हीच हिशेब करा."

"महाराज, तुमच्या कथेची लेखी नोंद आहे का?"

"वर आहे."

हसणं वाढलं. अधिकाऱ्याने ते ओसरू दिलं. "मला लेखीच बघावं लागतं. माझ्या गावातही लोक पुष्कळ सांगत होते, पण लिहिलेलं काहीच नव्हतं. म्हणून आम्ही चाळीस वर्षं कुणाला दिसलोच नाही." त्याने दुसरा कागद उचलला. "आणि वेळेबद्दल शंका असेल तर हे बघा. वाट खरंच लांब असती तर वाटेत बाळंतपणं झाली असती. तीन तासांच्या गावांत दर वर्षी होतात. इथे सव्वीस वर्षांत वाटेत झालेली बाळंतपणं शून्य. हे बसच्या वहीतलं नाही. हे नर्सबाईंच्या स्वतःच्या नोंदवहीतलं आहे."

"शून्य?" पोस्टातली खळखळून हसली. "मग मी कोण?"

हसू तिच्या ओठांवरच विझलं. वही कुणाची ते तिच्या ध्यानात आलं होतं. तिने नर्सबाईंकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, "काही नाही, साहेब. सहज आपलं बोलले. गंमत."

 नर्सबाईंच्या मांडीवर रुमाल होता. त्यांनी त्याची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. मागे दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे त्यांनी वळून पाहिलं. तो त्यांच्याकडेच पाहत होता. त्याच्या नजरेत टोमणा नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्या उठल्या आणि टेबलापाशी गेल्या.

"वही द्या माझी."

अधिकाऱ्याने वही पुढे केली. नर्सबाईंनी चष्मा लावला. पानं उलटताना त्यांना शोधावं लागलं नाही. कुठलं पान ते बोटांनाच ठाऊक होतं.

"अडलेल्या बायांना मी बसने शहरात न्यायचे, काही पुलावरच मोकळ्या झाल्या. दवाखान्याबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद कशी होते, साहेब, माहीत आहे? आईने शहराच्या कचेरीत जायचं. तीनदा. दोन साक्षीदार घेऊन. ओली बाळंतीण, हातात आठ दिवसांचं पोर, आणि तोच पूल. मला नाही बघवलं. मी 'जन्मठिकाण: प्रसूतिगृह' लिहून मोकळी झाले. गावाला वाटलं बाईंनी उपकार केले. मलाही तसंच वाटत होतं, आत्तापर्यंत."

त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं. 'प्रसूतिगृह'वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कालव्याचा पूल, बसमध्ये.' शेजारी सही केली.

"बाई, थांबा," अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला. "खोटी नोंद कबूल केली तर तुमचा परवाना जाऊ शकतो. आधी विचार करा."

"लिहून झालं की करते."

दुसरं पान. तिसरं. पोस्टातली उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिचं पान आलं तेव्हा तिने वहीची कड हाताने दाबून धरली, कागद उडू नये म्हणून. खिडकी बंद होती, वारा नव्हता.

"हे माझं. नीट अक्षरात लिहा हं, मावशी."

पाचवं. सातवं. आठ नोंदी झाल्या. नवव्या पानावर नर्सबाईंचं पेन थांबलं. त्या ओळीत मुलाचं नाव नव्हतं. आईचं होतं, तारीख होती, जन्माची वेळ होती आणि त्यानंतर वीस मिनिटांनी दुसरी एक वेळ होती. जन्मठिकाण तेवढं प्रसूतिगृह होतं.

त्यांनी रेघ मारली. वर तेच शब्द लिहिले आणि सही केली.

मागून पावलांचा आवाज आला. ड्रायव्हर दोन रांगांच्या मधून टेबलाकडे येत होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"त्या दिवशी तीन बोटी होत्या," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मी हॉर्न वाजवला. खाली उतरून पूलवाल्याकडे पळत गेलो. तो म्हणाला, बोट थांबवता येत नाही, माल वेळेवर पोचला पाहिजे. परत आलो तेव्हा ही धाकटी त्या बाईच्या पोराला पदरात घेऊन बसली होती. बसमध्ये कुणी ओरडलं नाही त्या दिवशी." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "पण वहीत मी अठ्ठावन्नच लिहिलं."

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"बस उशिरा आली तर कंपनीचा एक फॉर्म असतो," ड्रायव्हर म्हणाला. "कारण लिहायचा रकाना असलेला. माझ्याकडे त्याचं कोरं पुस्तकच पडून आहे, अठ्ठावीस वर्षं. ते भरायला घेतो आता."

"तुमची बस बंद होईल," अधिकारी म्हणाला. ही धमकी नव्हती. त्याला नियम माहीत होता, एवढंच.

"तुमचा एक नियम खोली काढतो, त्यांचा एक नियम बस काढतो. आणि दोन्ही नियम भेटतात कुठे, तर आमच्या गावात!" नर्सबाई म्हणाल्या. "साहेब, बस काढली तर आम्ही चालत निघू. आणि किती वेळ लागला ते पण लिहू. आता खोटं लिहिणार नाही कुणी. हा दादा नाही आणि मी तर नाहीच."

"मग माझ्या कथेचीही घ्या नोंद," बुवा म्हणाले.

अधिकाऱ्याने वहीची पानं पहिल्यापासून उलटून पाहिली. नऊ रेघा, नऊ सह्या. मग तो म्हणाला, "पण दुरुस्ती आज केलेली दिसते. माझी पाहणी चालू असताना. वरचे लोक म्हणतील, खोलीसाठी केली."

"म्हणू देत," ड्रायव्हर म्हणाला. "चारला बस सुटते. घड्याळ तुमचं, वही माझी. मोटार येऊ दे मागून."

*

चार वाजायला चार मिनिटं होती तेव्हा अधिकारी बसमध्ये चढला. तिसऱ्या बाकावर पोस्टातली आधीच बसली होती. तिला शहरात काही काम नव्हतं. नर्सबाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी मांडीवर पिशवी घेतली होती, आत स्वच्छ चादर आणि उकळलेल्या कात्र्या. या वाटेवर निघताना ती पिशवी त्या कधीच मागे ठेवत नसत. अधिकारी त्यांच्या समोरच्या बाकावर टेकला आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

ड्रायव्हरने एरवीसारखीच बस चालवली. मुद्दाम हळू नाही, मुद्दाम जोरात नाही. कुणी हात दाखवील तिथे थांबला. एका वळणावर एक म्हातारी लगबगीने येताना दिसली, तिच्यासाठी दोन मिनिटं थांबला. म्हातारी चढली आणि अधिकाऱ्याला म्हणाली, "सरका की थोडं, जागा काय लिहून घेतलीय का?" तो सरकला.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला कालवा आला. पूल वर होता.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागे मोटारीचंही बंद झालं. समोर रस्ता दुभंगून उभा राहिलेला, मधली पांढरी रेघसुद्धा आभाळाकडे गेलेली. खालून मालबोट सरकत होती. तिच्यावर पेट्यांवर पेट्या, प्रत्येक पेटीवर वेगळ्या बंदराचं नाव. ती संपली असं वाटे आणि तिचंच मागचं अंग निघे. बुवांनी आज कथा लावली नाही. ते डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते.

पोस्टातलीने एक हात कंबरेवर ठेवला आणि कुशीवर वळायचा प्रयत्न केला. बाक अरुंद होतं. नर्सबाईंनी तिच्या पाठीमागे पिशवी सारली. अधिकारी उठला, म्हातारीला थोडं पलीकडे सरकवून त्याने आपली बाजू मोकळी केली आणि पोस्टातलीला पाय पसरायला दिली. तो स्वतः दांडा धरून उभा राहिला.

सत्तावन्न. अठ्ठावन्न.

सगळी बस ड्रायव्हरकडे बघत होती. त्याचा हात सवयीने काचेखालच्या वहीकडे गेला. वही निघाली, उघडली. कानामागचं पेन हातात आलं. आज कुणी ओरडलं नाही. बोटीचं पाणी कठड्याला लागत होतं, तेवढाच आवाज.

ड्रायव्हरने वही तशीच उघडी धरून मागे वळून अधिकाऱ्यापुढे केली.

"घ्या, साहेब. तुम्हीच लिहा."

अधिकाऱ्याने वही घेतली. 'पोहोचली' या रकान्यावर अंगठा ठेवला. वरच्या ओळीत, त्याच्या वरच्या ओळीत, पानभर खाली-वर एकच आकडा होता. त्याने काचेतून पलीकडे पाहिलं. पहिल्या बोटीमागे दुसरी येत होती.

"अजून पोहोचलो कुठे?" तो म्हणाला, आणि पेन हातात धरून उभाच राहिला.